न्हावा-शेवा ते रत्नागिरी : आयात फळांच्या एका शीतवाहतूक सेवेचे परीक्षण

रत्नागिरी आणि आसपासच्या बाजारपेठांत आयात केलेली फळे विकणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांचा माल पूर्वापार वाशीच्या फळबाजारातून रात्रीच्या ट्रकने, ताडपत्रीखाली झाकून येत आला आहे. वाशीत शून्य अंशावर ठेवलेले सफरचंद रात्रभर उघड्या ट्रकमध्ये प्रवास करून सकाळी दुकानात पोहोचत असे आणि चार दिवसांत भुसभुशीत होत असे. नवी मुंबईतील एका शीतगृहचालकाने तुर्भ्याहून थेट रत्नागिरीपर्यंत रीफर गाडीची, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या बंद गाडीची, सेवा सुरू केली, तेव्हापासून मी ती उन्हाळा, पावसाळा आणि सणासुदीचे दिवस अशा सर्व काळांत वापरली आहे. बंदरातून सुटलेला कंटेनर आपल्या शीतगृहात उतरवून घेणे, आयातदाराच्या किंवा अडत्याच्या नावे माल सांभाळणे, कोकणातल्या ग्राहकांच्या मागणीप्रमाणे पेट्या वेगळ्या काढणे, त्या गाडीने पाठवणे आणि रत्नागिरीबाहेर महामार्गाजवळच्या एका लहान शीतखोलीतून त्यांचे वाटप करणे, असे या सेवेचे स्वरूप आहे. काही तक्रारींबाबत त्यांच्याशी माझे बोलणे अजून चालू असल्यामुळे सेवेचे नाव येथे देत नाही. मात्र कोकणपट्टीत अशा सेवेचा विचार करणाऱ्या कोणालाही उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. तुर्भे ते हातखंबा (महामार्गावरून रत्नागिरीकडे वळण्याचे ठिकाण) हा टप्पा ही सेवा फार चांगला सांभाळते आणि हातखंब्यापासून पुढचा टप्पा ती अजून सांभाळू शकत नाही. फळ शीतगृहात ठेवलेले असताना किंवा चालू यंत्राच्या गाडीत असताना सहसा बिघडत नाही. ते बिघडते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, दार उघडे असताना आणि कोणाचीच जबाबदारी नसलेल्या त्या अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून या परीक्षणात मी यंत्रांच्या किमतीपेक्षा किंवा गाड्यांच्या संख्येपेक्षा एकाच गोष्टीकडे पाहिले आहे : प्रत्येक हस्तांतराच्या वेळी फळाच्या गराचे तापमान मोजले गेले का आणि ते कोणाच्या सहीने कागदावर उतरले.

न्हावा-शेवा बंदरात कंटेनर उतरतो तेव्हा फळाचे वय बरेच झालेले असते, हे आपल्या भागातल्या अनेक विक्रेत्यांच्या लक्षात येत नाही. वॉशिंग्टनचे किंवा न्यूझीलंडचे सफरचंद काढणीनंतर अनेकदा कित्येक महिने नियंत्रित वातावरणाच्या, म्हणजे हवेतला प्राणवायू कमी ठेवलेल्या, शीतगृहात राहिलेले असते आणि त्यानंतर काही आठवडे समुद्रावर असते. बंदरात कंटेनरला विजेची जोडणी मिळते, पण कागदपत्रांची वाट थांबत नाही. निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार होणारी कीड-रोगांची तपासणी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आणि सीमाशुल्क असे टप्पे पार पडावे लागतात आणि नमुने काढण्यासाठी दार उघडावेच लागते. ही तपासणी केवळ उपचार नाही. इराणहून आलेल्या किवीत वारंवार कीड सापडल्यामुळे भारताने डिसेंबर २०२१ मध्ये तिथली किवी घेणे थांबवले होते. पुढे मे २०२३ मध्ये, भूतानचा अपवाद करून, किलोमागे ५० रुपये किंवा त्याहून कमी किमतीच्या सफरचंदांच्या आयातीवर बंदी आली. त्यामुळे स्वस्त माल आणून थोडा वाया गेला तरी चालेल, हा हिशेबच आता उरलेला नाही आणि खराब झालेली प्रत्येक पेटी पूर्वीपेक्षा अधिक जाचते.

या सेवेची जबाबदारी सीमाशुल्काची मोकळीक मिळाल्यावर सुरू होते. बंदर ते तुर्भे हे अंतर लहान असले, तरी उरण-पनवेल पट्ट्यातली कंटेनरची गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला तिथे तास कसे जातात हे माहीत आहे. येथे त्यांची पहिली चांगली गोष्ट दिसते : जनरेटर बसवलेल्या ट्रेलरशिवाय ते कंटेनर उचलत नाहीत. बंद कंटेनर तास-दोन तास आपली थंडी धरून ठेवतो, असे सांगून बिनजनरेटरची गाडी पाठवणारे वाहतूकदार कमी नाहीत. शून्य अंशावरच्या सफरचंदाला ते एखादे वेळी चालून जाईल, पण त्याच वेळी आतल्या हवेतला कर्बवायू आणि फळाची स्वतःची उष्णता यांना बाहेर पडायला वाट राहत नाही.

तुर्भ्याच्या शीतगृहात माल उतरवून घेण्याची त्यांची पद्धत मी स्वतः उभे राहून पाहिली आहे आणि या सेवेतला सर्वांत भक्कम भाग तोच आहे. कंटेनरचे दार उघडण्याआधी यंत्रावरची नोंद उतरवली जाते. कंटेनरमध्ये निर्यातदाराने ठेवलेला तापमान नोंदक शोधून त्याचा आलेख काढला जातो. त्यानंतर दाराजवळची, मधली आणि अगदी आतली अशा पेट्या निवडून प्रत्येकीतल्या एका फळात सुईचा तापमापक खुपसून गराचे तापमान घेतले जाते. कंटेनरच्या पडद्यावर दिसणारा आकडा हवेचा असतो, फळाचा नसतो. यंत्र शून्य दाखवत असताना दाराजवळच्या रांगेतली फळे चार अंशांवर असू शकतात आणि विक्रीत पहिल्यांदा नरम पडतात ती हीच. येथील पर्यवेक्षक अशी रांग वेगळी काढून तिच्यावर चिठ्ठी लावतात आणि जवळच्या बाजारासाठी ती आधी विकण्याची सूचना आयातदाराला देतात. माझ्या मागणीत अशा चिठ्ठीच्या पेट्या आल्या, तर पाठवण्यापूर्वी मला विचारले जाते. कोकणातल्या छोट्या ग्राहकाला एवढा मान क्वचितच मिळतो, म्हणून याची नोंद मुद्दाम करतो.

तिथल्या खोल्या वेगवेगळ्या तापमानाच्या आहेत. सफरचंद आणि नासपती शून्याच्या आसपास, इजिप्तची संत्री चार-पाच अंशांवर, हास जातीचा अवाकाडो पाच ते सात अंशांवर आणि किवी शून्यावर, पण सफरचंदापासून पूर्णपणे वेगळ्या खोलीत. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. सफरचंद साठवणीतही इथिलीन हा फळे पिकवणारा वायू सोडत राहते आणि किवी त्या वायूला इतकी संवेदनशील असते, की हवेच्या दहा लाख भागांत एक भाग हे प्रमाणही तिच्यासाठी फारच जास्त ठरते. थंडी अचूक असली तरी सफरचंदाच्या शेजारी ठेवलेली किवी मऊ पडत जाते. तुर्भ्याला हे नीट समजलेले आहे.

आता गाडीविषयी. रत्नागिरीच्या फेरीसाठी ते मध्यम आकाराची रीफर गाडी वापरतात आणि तिचे शीतयंत्र गाडीच्या मुख्य इंजिनावर नव्हे, तर स्वतःच्या वेगळ्या डिझेल इंजिनावर चालते. मुंबई-गोवा महामार्गावर हा फरक निर्णायक आहे. लहान रीफर गाड्यांचा कॉम्प्रेसर सहसा गाडीच्याच इंजिनाला जोडलेला असतो. गाडी धावत असेपर्यंत तो ठीक चालतो. पण इंदापूर-माणगावच्या कोंडीत गाडी तासभर जागच्या जागी उभी राहिली, की थंडी ओसरते आणि चालकाने डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केले, तर ती पूर्ण थांबते. परशुराम घाटात पावसाळ्यात दरड आली, तर गाडी किती वेळ अडकेल हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी स्वतंत्र इंजिनाची गाडी रात्रभर उभी राहिली तरी माल सुरक्षित राहतो. पावसाळ्यात वाटेत दीर्घकाळ खोळंबून आलेल्या माझ्या मालाचा तापमान आलेख मी पाहिला आहे आणि त्यात खोळंब्याची खूणही सापडत नव्हती.

गाडीत माल भरण्याबाबतही त्यांच्या हमालांना चांगले शिक्षण दिलेले दिसते. समुद्रावरच्या कंटेनरमध्ये थंड हवा खालून, जमिनीच्या खाचांमधून वर येते, तर रस्त्यावरच्या गाडीत ती छताजवळून, समोरच्या बाजूने मागे फेकली जाते. त्यामुळे कंटेनरमध्ये उंच रचलेल्या पेट्या जशाच्या तशा गाडीत छतापर्यंत रचल्या, तर हवा मागच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. येथे छताखाली हातभर आणि बाजूच्या भिंतींना चार बोटे जागा सोडली जाते. माल चढवण्याआधी रिकामी गाडी थंड करून घेतली जाते, कारण रीफर गाडीचे काम थंड माल थंड ठेवण्याचे आहे. तापलेल्या पेट्या थंड करण्याची ताकद तिच्या यंत्रात नसते. ज्या वाहतूकदारांना हा भेद ठाऊक नाही, ते दुपारभर धक्क्यावर पडून राहिलेला माल गाडीत चढवतात, यंत्राचा आकडा खाली ठेवतात आणि सकाळी फळ कोमट कसे, म्हणून आश्चर्य करतात.

प्रत्येक फेरीबरोबर तापमान नोंदक येतो आणि त्याचा आलेख सकाळी मोबाईलवर मिळतो. बिल्टी (मालवाहतुकीची पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा कागद) आणि गराच्या तापमानाची चिठ्ठी हे तीनही कागद चालकाजवळ असतात. इतके नीटनेटके काम करणारी दुसरी सेवा मला या मार्गावर आढळलेली नाही आणि त्याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

खरी अडचण गाडी हातखंब्याला वळल्यानंतर सुरू होते. रत्नागिरीबाहेरच्या त्यांच्या जागेत शीतखोली एकच आहे आणि तिचे तापमानही एकच आहे, सुमारे पाच अंश. तुर्भ्याला चार खोल्यांत काळजीपूर्वक वेगळी ठेवलेली फळे येथे एका छताखाली, एकमेकांना चिकटून उभी राहतात. पाच अंशांवर सफरचंद तात्काळ बिघडत नाही, पण शून्यावर जे आठवडे मिळाले असते ते येथे दिवसांत मोजावे लागतात. संत्र्याला हे तापमान मानवते. अवाकाडोचे कसेबसे निभावते. किवीचे मात्र पूर्ण नुकसान होते, कारण तापमानही चुकीचे आणि शेजारही चुकीचा. तुर्भ्याच्या चिठ्ठीवर कठीण म्हणून नोंदवलेली किवी येथे थोडे दिवस राहून दुकानात येते, तेव्हा अंगठ्याखाली दबते आणि तिचा पूर्ण दर मागता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत ही अडचण अधिक वाढते. त्या दिवसांत त्याच शीतखोलीत हापूसच्या पेट्याही घेतल्या जातात, कारण परतीची गाडी रिकामी मुंबईला नेणे चालकाला परवडत नाही आणि आंबा थंड गाडीतून पाठवू इच्छिणारे बागायतदारही आता वाढले आहेत. परतीच्या फेरीत आंबा नेण्याला माझा विरोध नाही. कोकणच्या दृष्टीने ती या सेवेची मोठी देणगी आहे. पण हापूसला बारा-तेरा अंशांच्या खाली ठेवले तर त्याला थंडीची इजा होते. साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही आणि चव बसत नाही, हे कोकणात कोणालाही सांगावे लागणार नाही. पाच अंशांच्या खोलीत आंबा ठेवणे आंब्यावर अन्याय आहे आणि आंब्यासाठी खोलीचे तापमान वर नेणे सफरचंदावर अन्याय आहे. शिवाय पिकू लागलेला आंबाही इथिलीन सोडतो आणि दक्षिण गोलार्धातली नवी किवी नेमकी याच सुमारास बाजारात येऊ लागते. एका खोलीला मध्ये भिंत घालून दोन स्वतंत्र यंत्रे बसवली, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. मी हे त्यांना लेखी सुचवले आहे.

पावसाळ्यातील तक्रार वेगळी आहे आणि ती केवळ या सेवेपुरती नाही, तर आपल्या हवामानाची आहे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते, की जवळजवळ पंचवीस अंशांच्या खालच्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमते. मग शून्यावरून बाहेर आलेल्या सफरचंदाला घाम सुटणारच. हा घाम फळाच्या देठाच्या खळग्यात साचतो, तिथे बुरशी धरते आणि पुठ्ठ्याची पेटी ओलावून तिचे बळ जाते, त्यामुळे खालच्या थरातल्या पेट्या वरच्यांच्या भाराने बसतात. मुंबईतल्या मोठ्या शीतगृहांत गाडीचे दार इमारतीच्या दाराला रबरी चौकटीने भिडते आणि माल बाहेरची हवा न लागता आत जातो. रत्नागिरीच्या जागेत मात्र गाडी उघड्यावर, पत्र्याच्या पडवीत उभी राहते आणि हमाल पेट्या खांद्यावरून आत नेतात. पावसाची झड आली की दार अर्धवट लावून काम थांबते. धक्क्याला बंदिस्त चौकट आणि शीतखोलीच्या दारावर जाड पट्ट्यांचा पडदा, एवढ्या दोन गोष्टींनी बरेच साधेल. त्यांना लागणारा खर्च गाडीच्या एका टायरच्या जोडीहून फार जास्त असेल, असे मला वाटत नाही.

दुकानदाराच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत आणि ती सेवेने सांगायला हवीत. घाम सुटलेली पेटी लगेच फोडून फळे पुसत बसण्यापेक्षा ती पंख्याच्या हवेत, बंदच ठेवून, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. एकदा बाहेर काढलेला माल पुन्हा थंडीत ठेवून पुन्हा बाहेर काढणे तर टाळावेच, कारण दर वेळी नवे पाणी धरते. म्हणून मी आता रोजच्या विक्रीपुरत्याच पेट्या उचलतो. त्यासाठी शीतखोली रोज सकाळी ठरलेल्या वेळी उघडी मिळायला हवी आणि याबाबत येथील कर्मचारी तत्पर आहेत, हेही सांगितले पाहिजे.

विजेचा प्रश्न कोकणात कोणालाच टाळता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज मिळाली नव्हती. त्यानंतर जनरेटरशिवाय शीतखोली उभारण्याचा विचार कोणी करू नये. येथे जनरेटर आहे, पण तो माणसाने जाऊन सुरू करावा लागतो आणि रात्री तिथे राहणारा एकच पहारेकरी असतो. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारी यंत्रणा आणि तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की व्यवस्थापकाच्या मोबाईलवर सूचना, या दोन्ही गोष्टी तुर्भ्याला आहेत आणि रत्नागिरीला नाहीत. तापमान नोंदकही गाडीतून माल उतरताच थांबवला जातो. माझ्या दृष्टीने हीच सर्वांत गंभीर उणीव आहे. सव्वातीनशे किलोमीटर प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवायची आणि शेवटच्या खोलीत फळ किती अंशांवर होते याचा पुरावाच नसावा, हे बरोबर नाही.

या उणिवेचा थेट परिणाम नुकसानभरपाईवर होतो. त्यांच्या करारात, गाडीतील तापमान मर्यादेबाहेर गेल्यास भरपाई देण्याचे कलम स्पष्ट आणि उदार आहे, परंतु ते माल गाडीतून उतरेपर्यंतच लागू होते. त्यानंतर शीतखोलीत बिघडलेल्या किवीबाबत दावा केला, तेव्हा आलेख निर्दोष असल्याचे उत्तर मिळाले, आणि गाडीचा आलेख खरोखरच निर्दोष होता. नवीन ग्राहकाने करारावर सही करण्यापूर्वी हे कलम रत्नागिरीच्या खोलीतून माल उचलेपर्यंत वाढवून मागावे. मी तशी मागणी केली आहे आणि त्यांनी ती फेटाळलेली नाही.

दर पेटीमागे आहेत आणि शीतखोलीचे भाडे दिवसागणिक वेगळे आहे. ताडपत्रीच्या ट्रकपेक्षा हा खर्च निश्चितच अधिक पडतो. पण सफरचंदाच्या साधारण अठरा किलोच्या पेटीत पूर्वी जी फळे डागाळून बाजूला काढावी लागत, त्यांची किंमत धरली तर वाढीव भाडे भरून निघते. संत्र्यात फायदा कमी आहे, कारण संत्री तशीही टिकाऊ. एका दुकानाची मागणी लहान असेल तर शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून नोंदणी करावी. त्यासाठी स्वतंत्र बिल करून देण्याची सोय त्यांनी ठेवली आहे.

आजच्या स्थितीत मी या सेवेतून सफरचंद, नासपती आणि संत्री निर्धास्तपणे मागवतो. अवाकाडो थोडा मागवतो आणि गाडी आल्याच दिवशी उचलतो. किवी मात्र शीतखोलीत एक रात्रही न ठेवता गाडीतून थेट दुकानात उतरवून घेतो. गाडी पहाटे पोहोचते आणि आधी कळवले तर चालक माझ्या दारापर्यंत येतो. ब्लूबेरी आणि चेरी या मार्गाने मागवण्याची वेळ अजून आलेली नाही, असे मला वाटते.

गणेशोत्सवाचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. त्या काळात महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घातली जाते आणि जीवनावश्यक मालाला सूट असली तरी चाकरमान्यांच्या गर्दीत गाडी वेळेवर येण्याची खात्री नसते. त्यामुळे ही सेवा बंदी लागू होण्याआधीची शेवटची गाडी स्वतंत्रपणे जाहीर करते आणि तिची नोंदणी लवकर भरते. पूजेच्या पाच फळांसाठी लागणारे सफरचंद आणि नासपती या गाडीने आणून पाच अंशांवर ठेवले, तर विसर्जनापर्यंत चांगले राहतात. हिमाचलचे नवे सफरचंदही त्याच सुमारास बाजारात असते आणि आयात मालाबरोबर तेही याच गाडीत घेता येते. किवीची मागणी कितीही असली, तरी ती या गाडीत भरू नये.